गावाकडच्या घरात बीपी कसं मोजायचं आणि गोळीत खंड कसा पडू द्यायचा नाही

"आमच्या गावात कुणाला बीपी नाही, सगळी कष्टाची माणसं" असं सांगणारं कुणी भेटलं की मी एवढंच विचारते, शेवटचं मोजलं कधी होतं? उत्तर बहुतेक वेळा असं येतं की बाळंतपणात मोजलं होतं, नाहीतर मोतीबिंदूच्या शिबिरात, नाहीतर कधीच नाही. आणि न मोजता बीपी कळायचा दुसरा मार्गच नाही हो, कारण बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही, माणूस पहाटे धार काढतो, दिवसभर रानात राबतो, रात्री भाकरी खाऊन झोपतो, आणि एक दिवस तोंड वाकडं होऊन हात लुळा पडतो तेव्हा घरादाराला कळतं की आत काय चाललं होतं.

हे किती जणांचं असतं ते आधी बघू. २०१७-१८ मध्ये आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) देशभर केलेल्या सर्व्हेत १८ ते ६९ वयाच्या लोकांचं बीपी मोजलं, शहरात ३४ टक्के लोकांचं वाढलेलं निघालं आणि खेड्यात जवळपास २६ टक्के. म्हणजे खेड्यातही दर चार मोठ्या माणसांत एक. पण मला जास्त बोचतो तो त्याच सर्व्हेतला पुढचा आकडा (हा शहर-खेडं मिळून आहे): बीपी असलेल्या दर १०० जणांत फक्त २८ जणांना आपल्याला बीपी आहे हे माहीत होतं, गोळ्या चालू होत्या १४-१५ जणांच्या आणि बीपी ताब्यात होतं १२-१३ जणांचं. बाकीचे सगळे न कळता हिंडत होते.

याचा शेवट काय होतो ते गडचिरोलीत दिसलं. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात कोण कशाने गेलं याची नोंद ठेवली, तर मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण निघालं पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा किंवा पॅरालिसिस म्हणतो तो. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातले बहुतेक लोक घरातच गेले. जंगलातला, चालणारा-राबणारा, अजिबात लठ्ठ नसलेला जिल्हा आहे तो, मलेरिया-हगवणीने माणसं जात असतील असंच आपण धरून चालतो.

"मी तर काडीपैलवान, मला कशाला बीपी-शुगर" हे पण डोक्यातून काढायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाला कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास, पण त्या मानाने अंगात चरबीचं प्रमाण जास्त. बाहेरून बारीक दिसणाऱ्या शरीरात शुगर आणि हार्टची जोखीम लहानपणापासूनच असू शकते, म्हणून वजनकाटा बघून निश्चिंत व्हायचं नाही, तिशी ओलांडली की मोजायचं.

आता कामाला लागू. हे मी मुख्यतः अशा लोकांसाठी लिहितेय ज्यांचे आईवडील, सासूसासरे, चुलते गावाकडे आहेत, किंवा जे स्वतः गावात राहतात आणि आपल्या वस्तीसाठी काहीतरी करावं असं ज्यांना वाटतं.

मशीन घेताना

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, त्यात हात जरा इकडे तिकडे झाला की आकडा बदलतो. साधारण दीड ते अडीच हजारात चांगलं मिळतं, आणि लाइट जाते हे लक्षात घेऊन सेलवर चालणारं बघा, सेल उतरला की वेळेवर बदला. पट्टा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की कमी, म्हणून दुकानात जायच्या आधी आईच्या-बाबांच्या दंडाचा घेर टेपने मोजून घ्या आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसतो का बघा. गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांचे दंड कधी कधी इतके बारीक असतात की नेहमीचा पट्टा सैल पडतो, तिथे छोटा मागवावा लागतो. वर्षातून एकदा मशीन उपकेंद्रात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा. एक लक्षात ठेवा, नाडी फार वेडीवाकडी, कधी जलद कधी चुकत पडणारी असेल तर डिजिटल मशीन फसू शकतं, अशा माणसाचं बीपी नर्सकडून किंवा डॉक्टरकडून मोजून घ्या, आणि नाडी अशी का पडते तेही विचारा, कारण लकव्याचं ते एक वेगळं कारण असतं.

मोजायची पद्धत, इथे अजिबात घाई नको

अर्ध्याहून जास्त गोंधळ इथेच होतो. माणूस उन्हातून चालत आला, लगेच खुर्चीत बसवलं, शर्टाची बाही वर सरकवली, हात लोंबकळत ठेवला, वर "काय म्हणता, पाऊस कसा" चालूच, आणि मग १६० आलं म्हणून सगळं घर घाबरलं. उलटंही होतं, चुकून कमी आलं आणि औषध बंद झालं.

तर मोजायच्या आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू-मिसरी-बिडी नाही, जड काम नाही. तोंडात बार असेल तर थुंकून, चूळ भरून तेवढा वेळ थांबायला सांगा, तंबाखूने बीपी त्या वेळेपुरतं वाढतं. लघवी करून यायला सांगा, बायका संकोचाने बोलत नाहीत पण लघवी तुंबलेली असताना बीपी जास्त येतं. मग पाच मिनिटं गप्प बसवायचं. खुर्ची असेल तर उत्तम, नसेल तर खाटेच्या किंवा ओट्याच्या कडेला असं बसवा की पाठ भिंतीला टेकेल आणि तळपाय जमिनीला लागतील. मांडी घालून किंवा उकिडवं बसून नको, पायावर पाय पण नको. हात मात्र कशावर तरी टेकलेला हवा आणि पट्टा छातीच्या मधोमध येईल इतक्या उंचीवर, म्हणजे शेजारी टेबल नसेल तर उशा रचा, गोधड्यांची घडी ठेवा, गव्हाचं पोतं असेल तर तेही चालेल. हात खाली लोंबत राहिला तर आकडा सहज दहाने वाढतो.

बाहीचं काय करायचं, हा प्रश्न बायकांच्या बाबतीत नेहमी येतो. उघड्या दंडावर पट्टा हे सगळ्यात बरं, पण घट्ट चोळी किंवा ब्लाउजची बाही वर ओढली की ती दंडाला दोरीसारखी आवळते आणि आकडा बिघडतो, त्यापेक्षा पातळ सुती बाहीवरूनच पट्टा बांधलेला परवडला. वाकी काढून ठेवायला सांगा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर दोन बोटं, नळी हाताच्या आतल्या बाजूने, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील इतका सैल.

मशीन चालू असताना कुणी बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. एक रीडिंग झालं की मिनिटभर थांबून दुसरं घ्या, दोन्ही लिहा आणि सरासरी काढा. दोन्हीत दहाहून जास्त फरक असेल तर तिसरं. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हात बघा, ज्या हातात जास्त येतं तो हात पुढे कायम धरा.

एका दिवसाच्या आकड्यावर निकाल लावायचा नाही. आठवडाभर सकाळी (गोळी आणि नाश्त्याच्या आधी) आणि संध्याकाळी मोजा, पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल, किंवा दवाखान्यात दोन वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आलं असेल, तर ते वाढलेलं बीपी. वरचा आणि खालचा यातला एकच आकडा जास्त असला तरीही. म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा फक्त वरचा वाढतो, आणि गावात अजूनही "वय अधिक शंभर" असा हिशोब सांगतात, म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांना १७० चालतं म्हणे. नाही चालत. कृपा करून हा हिशोब पुढे सांगू नका, या एका हिशोबापायी किती म्हातारी माणसं बिनगोळीची राहतात.

आकडा लिहायला साधी वही बरी. तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी, आणि त्या दिवशी गोळी घेतली होती का. मोबाइलमध्ये ठेवलं तरी हरकत नाही, पण मोबाइल नातवाबरोबर कॉलेजला जातो, वही घरात राहते आणि डॉक्टरसमोर उघडता येते.

जास्त आलं तर कुठे जायचं

तालुक्याला मोठ्या दवाखान्यात धावायच्या आधी गावातलं उपकेंद्र बघा. साधारण पाच हजार लोकवस्तीला (डोंगरी-आदिवासी भागात तीन हजाराला) एक उपकेंद्र असतं, आता बऱ्याच ठिकाणी त्यावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असा बोर्ड लागलाय, तिथे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि एएनएम सिस्टर (आरोग्यसेविका) असतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हे सरकारी कार्यक्रमातच आहे, आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात कुणाला आहे का असे प्रश्न असतात, तो फॉर्म कंटाळून भरू नका आणि तंबाखूचं खोटं सांगू नका. आशाताईंनी किती घरं फिरावीत, आपण आपल्या घरातल्या तीशीवरच्यांची यादी करून त्यांच्या हातात दिली तर त्यांचं काम निम्मं होतं.

गोळी सुरू करायचा निर्णय पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरचा. पहिल्या भेटीत वही दाखवा, आधीचे आजार, चालू औषधं (मेडिकलमधून आणलेल्या दुखायच्या गोळ्यांसकट) सगळं सांगा. रक्तातली साखर, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी), लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी एवढ्या तपासण्या सुरुवातीला झालेल्या बऱ्या. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. तरुण बाई असेल आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगायचं, कारण टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

सरकारी गोळीने काय होतंय असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. २०१७ च्या शेवटी देशात पाच राज्यांत बीपीसाठी एक खास सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या टप्प्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यात जगावेगळं औषध एकही नव्हतं, ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा जुन्या स्वस्त गोळ्या, त्या कशा वाढवायच्या याची ठरलेली पद्धत, प्रत्येकाचं कार्ड, महिन्याच्या गोळ्या एकदम हातात, आणि जो आला नाही त्याला फोन किंवा घरी भेट. बीपी ताब्यात येतं ते अशा नेमाने. तीच ॲम्लोडिपिन जनऔषधीत (स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात) अगदी थोड्या पैशात मिळते, पीएचसीत संपली असेल तर तिथून घ्या पण खंड पाडू नका.

गोळी तुटते, म्हणजे मधेच बंद पडते, ती कुठे

माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावायला हवा, कारण मोजून बीपी सापडलेलं असतं, गोळी घरात असते, आणि तरी माणूस लकव्याने आडवा होतो.

पहिलं कारण, "आता नॉर्मल आलं, मग कशाला". आमच्या भावकीतल्या एका काकूंनी असंच केलं, तीन महिने १३० च्या आत बीपी, घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की बरं झालं. बरं झालेलं नव्हतं, गोळीमुळे खाली होतं. गोळी बंद केल्यावर काही दिवसांत पुन्हा चढतं आणि ते चढलेलं कळत नाही. नॉर्मल आलं म्हणजे गोळी लागू पडली, तीच चालू ठेवायची. कमी करायची का ते डॉक्टर बघून ठरवतील.

दुसरं, "सवय लागते". दारूसारखी सवय या गोळ्यांना नसते. आजार कायमचा आहे म्हणून गोळी कायमची. हे घरातल्या कर्त्या माणसाने शांतपणे, चारचौघांत नाही, एकट्याला बसवून सांगितलं की पटतं असा माझा अनुभव आहे, आणि सून किंवा मुलगी सांगते त्यापेक्षा गावातलाच दुसरा बीपीवाला, जो पाच-सात वर्षं गोळी घेऊन ठणठणीत आहे, त्याने सांगितलं तर लवकर पटतं.

तिसरं, गोळीचा त्रास. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायावर सूज येते, एनालाप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला लागतो, लघवीच्या गोळीने सारखं उठावं लागतं आणि शेतात काम करणाऱ्या बाईला ते किती अवघड होतं हे कुणी लक्षातच घेत नाही, ती न सांगता गोळी सोडून देते. तर विचारा, स्पष्ट विचारा, लाजू नका. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, गोळी बदलता येते, वेळ बदलता येते.

चौथं, उपास. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, रोजे. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही असं आपल्याकडे बहुतेक मोठी माणसं मानतातच, आजीला पटत नसेल तर तिचा ज्यांच्यावर विश्वास आहे त्या महाराजांकडून सांगवा. रोज्यात मात्र पाणीही नसतं, तिथे डॉक्टरला विचारून गोळी सहेरी किंवा इफ्तारला बसवून घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाआधी डॉक्टरला विचारायचंच, तिथे उपाशीपोटी औषधाने साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि पाचवं, ज्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही, गाव सोडून कामाला जाणं. बीड, जालना, पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत फडावर, सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. पहाटे तोड, रात्री गाडी भरणं, दवाखाना कुठे ते माहीत नाही, आणि गेलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. घरातल्या कोयत्याच्या जोडीत (तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोत) कुणाला बीपी असेल तर निघायच्या आठ-पंधरा दिवस आधी उपकेंद्रात जाऊन सांगा की आम्ही चाललो, जास्तीत जास्त जितक्या महिन्यांच्या गोळ्या मिळतील तितक्या द्या. कार्डाचा आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत. फडाजवळच्या पीएचसीत ते कार्ड दाखवलं की तीच गोळी पुढे मिळवणं सोपं जातं. मुकादमालाही सांगून ठेवा की या माणसाला बीपी आहे. वीटभट्टीवर, द्राक्षाच्या छाटणीला, मुंबई-पुण्यात बांधकामावर जाणाऱ्यांनी हेच करायचं, आणि आषाढी वारीला निघालेल्यांनीही पिशवीत आधी गोळ्या मग टाळ.

आठवणीसाठी गोळी रोजच्या एखाद्या कामाला जोडा. देवपूजेनंतर, पहिल्या चहाबरोबर, काहीही, पण रोज तेच. शहरातून फोन करणाऱ्या मुलांनी "जेवलास का" बरोबर "गोळी घेतली का, किती उरल्यात" हेही विचारायचं. किती उरल्यात हा प्रश्न महत्त्वाचा, कारण संपल्यावर नवीन आणेपर्यंत आठ दिवस जातात.

मीठ, सलाईन आणि अंगदुखीची गोळी

मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं डब्ल्यूएचओ सांगतं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, भाजी-आमटी-भाकरी-लोणचं सगळं धरून. घरात हे मोजायची सोपी पद्धत, महिन्याला मिठाच्या किती पुड्या लागतात ते बघा. पाच मोठ्या माणसांना या हिशोबाने पाऊण किलो पुरायला हवं (पापड-कुरडयांचं, गुरांचं वेगळं काढून). बहुतेक घरांत त्याहून बरंच जास्त जातं. एकदम अळणी करू नका, घरात भांडणं होतील आणि चार दिवसांत परत पहिल्यासारखं होईल. आधी ताटात वरून मीठ वाढणं बंद, मग भाकरीच्या पिठातलं आणि भातातलं, मग ताकातलं, मग आमटीत दर आठवड्याला थोडं थोडं कमी. लिंबू, चिंच, आमसूल, लसूण, जिऱ्याची पूड यांनी चव राहते. ठेचा, लोणचं, पापड हे चवीपुरतं, कोकणात सुकट-बोंबील आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं, आणि बाजारातून येणारं फरसाण-शेव यातलं मीठ दिसत नाही पण पोटात जातंच. सैंधव किंवा खडेमीठ घेतलं म्हणून बीपी कमी होत नाही, तेही मीठच. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन-एनालाप्रिल चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

"घाम जातो मग मीठ नको का" असं रानात काम करणारे विचारतात. पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरतं. भर उन्हाळ्यात दिवसभर काम असेल आणि चक्कर-गळाल्यासारखं होत असेल तर बीपीच्या गोळीबद्दल डॉक्टरशी बोलायचं, विशेषतः लघवीची गोळी असेल तर.

आता सलाईन. अशक्तपणा आला, कणकण आली की एक बाटली लावून घ्यायची ही आपल्याकडची सवयच झालीय, आणि लोक स्वतः मागतात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, दिवसभराचं जवळपास सगळं मीठ एका बाटलीतून थेट शिरेत. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं, तोंडाने जात नाही, तिथे सलाईन जीव वाचवतं. पण नुसत्या थकव्याला, बीपीच्या किंवा हार्टच्या पेशंटला, मागून मागून लावायची वस्तू ती नाही. हार्ट कमजोर असेल तर फुफ्फुसात पाणी भरून दम लागतो.

दुखायच्या गोळ्यांचंही तसंच. खुरपणी, कापणी, ओझी, गुडघे-कंबर धरणारच, आणि मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या रोज घेणारे कितीतरी जण आहेत. या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा गुण कमी करतात आणि किडनीला धक्का देतात. बीपी वाढतच चाललंय, गोळ्या वाढवूनही उतरत नाही, असं झालं की आधी घरातला गोळ्यांचा डबा उघडून बघा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे, शेक, आणि फार असेल तर नीट तपासणी. सांधेदुखीच्या नावाखाली मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यानेही बीपी आणि शुगर चढते.

तंबाखूबद्दल सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. विदर्भात खर्रा, इकडे मावा, बायकांची मिसरी, हे सगळं धरायचं, फक्त बिडी-सिगारेट नाही. आजी सकाळी तासभर मिसरी लावत बसते ती तंबाखूच आहे. दारू आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एकदम खूप पिणं हेही बीपीला वाईट.

वस्तीचं एकदम करायचं असेल तर

बचत गटाची महिन्याची बैठक, भजनी मंडळ, दूध डेअरीची सकाळची रांग, जिथे माणसं आधीच जमतात तिथे मोजायची सोय करा. पुरुष बोलावून येत नाहीत, डेअरीवर मात्र रोज येतात. सिस्टर किंवा सीएचओंना आधी विचारून एक दिवस ठरवा, गावची आरोग्य-पोषण समिती असते तिच्या अबंधित निधीतून (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायच्या पैशांतून) मशीन घेता येतं का ते ग्रामपंचायतीत विचारून बघा. आकडे जाहीर वाचून दाखवायचे नाहीत, लग्नाच्या मुलीचं बीपी गावभर झालं तर पुढच्या वेळी कुणी हात पुढे करणार नाही. आणि ज्यांचं जास्त आलं त्यांची यादी करून त्यातले किती उपकेंद्रात पोचले ते पंधरा दिवसांनी बघायचं, नाहीतर शिबिराचे फोटो निघतात आणि माणूस तिथेच राहतो.

आणीबाणीत

१८०/१२० च्या पुढे आलं आणि काही त्रास नाही, तर पाच मिनिटं शांत बसवून परत मोजा, तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. बीपी पटकन पाडायला कुणाच्या तरी सांगण्यावरून जिभेखाली गोळी-कॅप्सूल ठेवायची नाही, एकदम पडलेल्या बीपीने मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. (छातीत दुखण्यासाठी डॉक्टरने स्वतः लिहून दिलेली जिभेखालची गोळी वेगळी.) छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं यातलं काही असेल तर थांबायचंच नाही, १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची.

छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ, दरदरून घाम, म्हणजे हार्ट अटॅक धरून चाला. आपल्याकडे आधी गॅस समजतात, सोडा, ओवा, इनो करत दोन तास जातात, आणि बायकांत आणि शुगरवाल्यांत तर छाती न दुखता नुसता घाम, मळमळ, दम असंही होतं. चालवत नेऊ नका, मोटरसायकलवर मधे बसवून तर अजिबात नको. १०८ ला उशीर होणार असेल तर गावातली चारचाकी काढा आणि जिथे ईसीजी निघतो अशा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या, कुठलं जवळ आहे ते आजच विचारून ठेवा. ॲस्पिरिन चावून द्यायची का ते १०८ च्या डॉक्टरला फोनवर विचारा.

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर राहत नाही, बोबडी वळली, यातलं एक जरी दिसलं तर लकवा. माणूस शेवटचा व्यवस्थित कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून थेट सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी, जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज. तोंडात पाणी, औषध, ॲस्पिरिन काहीही घालू नका, घशात अडकतं, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने वाढतो. बीपी जास्त दिसतंय म्हणून स्वतः गोळी देऊ नका. कबुतराचं रक्त चोळणारे, लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणारे यांच्याकडे पहिल्या दिवशी गाडी वळली की ते साडेचार तास गेलेच म्हणून समजा.

गाडीत बसताना बरोबर काय घ्यायचं ते एका पिशवीत आधीच भरून खुंटीला अडकवून ठेवा: बीपीची वही किंवा कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं, रेशन कार्ड, आधार. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, बायपाससारखे उपचार येतात, सध्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये गेलात की आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनीसाचा) डेस्क शोधायचा आणि पैसे भरायच्या आधी त्याच्याशी बोलायचं. जवळचं असं हॉस्पिटल कोणतं ते आशाताईंना विचारून त्या पिशवीवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या, कारण दिवसा घरात कधी कधी आजी आणि पोरंच असतात.